एक जीप

पिओरिया, १२ मे १९५३

कॅप्टन हॉलिस यांस,

रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या तुमच्या जहाजाचा छापील इतिहास मिळाला. इटलीतल्या सालेर्नोच्या लढाईच्या पानावर लिहिलंय, ‘नुकसान : एक जीप. जीवितहानी नाही.’

जहाजावर बॉम्ब पडला तेव्हा त्या जीपमध्ये माझा धाकटा भाऊ लेस्टर बसला होता.

मी फोन केला, तर तुम्ही म्हणालात, “अहो बाई, तो लष्कराचा माणूस. आमच्या यादीत फक्त खलाशी.”

“मग तो कोण? सामान?”

“कागदोपत्री तसंच धरतात.”

जहाजावरच्या कुत्र्याचं नाव मात्र त्याच यादीत आहे. बिस्किट. तो कुठला खलाशी होता हो?

लेस्टरला पाण्याची फार भीती वाटायची. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘काळजी करू नकोस, व्हर्ना. हे जहाज पायसुद्धा भिजू देत नाही.’

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही ते फायलीला लावाल आणि विसराल. शनिवारी तुमच्या जुन्या खलाशांच्या मेळाव्याला मीच येतेय. ‘आपल्या जहाजावर एकही माणूस दगावला नाही,’ असं म्हणत तुम्ही ग्लास उंचावाल, तेव्हा मी उभी राहीन आणि त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं घेईन.

लेस्टर ऑगस्ट लिंडक्विस्टची बहीण,
व्हर्ना