नाकातली नळी आणि अप्पांचं ठिबक

माळेगाव बुद्रुक,
फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इंदापुरात तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि म्हशीचं लाथा झाडणं, सगळं आटोक्यात असेल अशी आशा. माझी तब्येत छान आहे. (छान म्हणजे किती, ते खाली येईलच.)

माझ्या आतड्याची सूज तुला ठाऊकच आहे. आजवर पाहुण्यासारखी यायची, जायची. यंदा मुक्कामालाच राहिली. भाकरी खाल्ली की कळ, वरण प्यालं की पळापळ. लोकांचे उपाय तर विचारूच नकोस. एकानं डाळिंबाची साल उकळून पाजली, दुसऱ्यानं बेंबीत हिंग भरला. (त्या आठवड्यात एस.टी.त माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. प्रवास ऐसपैस झाला.) पोट मात्र जिथल्या तिथं.

मध्यंतरी कारखान्यावर एक प्रकार झाला. मी उसाच्या वजनकाट्यावर कारकून, त्यामुळे वजनाची थट्टा आमच्यात रोजचीच. सिद्धू ट्रॅक्टरवाल्यानं गंमत म्हणून मला रिकाम्या काट्यावर उभं केलं. काटा हललाच नाही. सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता चक्कर येऊन तिथंच पडलो. सिद्धूनं मला ट्रॉलीत पाचटावर निजवून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी माझ्या केसांतलं पाचट काढलं, मग नाडी धरली.

म्हणाले, "सूज उतरायला वेळ लागेल, आणि तोवर तुम्ही उपासमारीनंच जाल. नाकातून बारीक नळी पोटात सोडू. तिच्यातून पातळ अन्न थेंबाथेंबानं देऊ. काही आठवड्यांचा प्रश्न आहे, वजन भरलं की काढू. पण निर्णय तुमचा."

आक्का, नळीपेक्षा मला त्या शेवटच्या वाक्याचा धक्का बसला. शाळा वडलांनी ठरवली, नोकरी मामांनी, बायको तू. लग्नातल्या सदऱ्याचा रंगसुद्धा मला तो अंगात घातल्यावर कळला. आयुष्यात एकदाचा निर्णय माझ्या वाट्याला आला, तोही नाकाचा!

"बघू" म्हणून घरी आलो, तर सणसरहून सासरे हजर. अप्पांनी यंदाच डाळिंबाला ठिबक बसवलंय, त्यामुळे हल्ली त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही. म्हणाले, "जावईबापू, सरी भरून पाणी सोडलं की मुळं कुजत्यात. थेंब थेंब दिलं की झाड धरतंय. घाला नळी!" एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या खेपेला ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले आणि डॉक्टरांना विचारलं, "नळी चोंदली तर आमी ॲसिड सोडतो. तुमी काय सोडता?" डॉक्टर म्हणाले, "कोमट पाणी." (मी खुर्चीला घट्ट धरून बसलो होतो.)

तरी मी अडूनच. नाकाला नळी लोंबकळत असताना चारचौघांत कसं बसायचं? काट्यावरचे गाडीवान काय म्हणतील? छबूनं एका शब्दानं आग्रह केला नाही. पण काल दुपारी पाणी प्यायला आत गेलो, तर ही दाराआड उभ्यानंच भाकरी खात होती, घाईघाईनं, चोरासारखी.

मी म्हटलं, "बसून का खात न्हाईस?"

"तुमाला पेजबी सोसत न्हाय. तुमच्यापुढं घास कसा घेऊ? लाज वाटती."

म्हणजे माझ्या पोटापायी घरात दोन माणसं अर्धपोटी, आणि मी नाकाची काळजी करत बसलेलो. तिला पाट मांडून दिला, समोर बसलो, तिचं जेवण होईस्तोवर हललो नाही. मग चपला घातल्या, बारामती गाठली आणि डॉक्टरांना "घाला" म्हणून सांगून आलो. सोमवारी सकाळी घालणार.

एकंदरीत सगळं ठीक आहे. तू मुळीच काळजी करू नकोस, आणि गुडघे दुखत असताना उगाच धावपळ करून येऊही नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
जोतीराम

ता.क. दवाखाना स्टँडपासून अगदी जवळ आहे. इंदापूरहून सकाळची गाडी वेळेत पोचते. हे आपलं सहज लिहिलं.

ता.क. आणखी एक. वडलांना शेवटी अशीच नळी घातली होती. मी लहान म्हणून मला आत सोडलं नव्हतं, तू आत होतीस. त्यांना फार दुखलं होतं का? पत्रानं कळवू नकोस. येऊन सांग.

वन्सं, मी छबू. पाकीट चिकटवाया माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. डॉक्टर म्हणलं, नळी घालताना कुणीतरी ह्यांचा हात धरा. त्यो मी धरणारच हाय. पर माझा धराया कुणी न्हाय. तुमी या.