आपल्या घरची दचकी

बोरगाव मेघे, वर्धा

प्रिय आचल,

पवनार इथून बसनं अर्ध्या तासावरही नाही, आणि ताई पत्र लिहितेय! हसशील. पण तू बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून तुझा फोन आई उचलते आणि "झोपली हाय ते" म्हणते. किती झोपतेस गं, कुंभकर्णालाही लाज वाटेल. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र अंकितरावांकडे देते आहे. बायकोच्याच हातात द्या, असं त्यांना बजावलंय.

खुशी बरी आहे. कोणी विचारत नाही म्हणून आपणहूनच सांगते. सहा महिन्यांची होती तेव्हा एका दुपारी तिचे डोळे एका बाजूला गेले, हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले. तुझे कैलासभाऊजी बुटीबोरीला ड्यूटीवर होते. शेजारच्या कोकिळाकाकूंनी ऑटो आणला नसता तर मी तशीच ओरडत बसले असते. दवाखान्यात पुन्हा झटका आला, मग आणखी. घरात कोणाला लहानपणी झटके, फिट, मिरगी होती का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासरचे नाही म्हणाले. आपली आईसुद्धा ठामपणे नाही म्हणाली. तेव्हापासून सासूबाई माझ्याकडे निराळ्याच नजरेनं पाहतात.

मग तुझं येणं बंद झालं. पोटुशीनं फिटच्या लेकराची सावली घेऊ नये, हे आईचंच ना? मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला, खूप आला. बारशाला पाळण्याची दोरी सोडत नव्हतीस तू. आता संध्याकाळी खुशीला घेऊन मी दारात उभी राहते आणि उगाच रस्त्याकडे पाहते.

एक दिवस वच्छलाआत्या आली. तिच्यादेखतच खुशीला झटका आला, तर ती जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, "काऊन रडतं वं? आपल्या घरचे लेकरं तं दचकतेच. तुले बी दचकी आली होती, आचलले बी. चालाले लागलं का जाते." मी आईला फोन करून विचारलं तर आई म्हणते, "दचकी म्हनजे काई मिरगी थोडीच हाय!" बघ आता. डॉक्टरीणबाई झटके विचारत होत्या आणि आपल्या घरी होती दचकी. आई खोटं बोललीच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मात्र तो शब्द लिहून घेतला आणि रक्त तपासायला पाठवलं. एका जनुकात बिघाड निघाला. तो बाबांच्या घराण्यातून माझ्यात आला, माझ्यातून खुशीत. यातला हा सौम्य प्रकार आहे म्हणे, औषधानं झटके थांबतात आणि दोनेक वर्षांत बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात. खुशीचे थांबलेत. एकदम धावायला उठल्यावर घरात कोणाचे हातपाय वळतात का, असंही त्यांनी विचारलं आणि मी लगेच तुझं नाव घेतलं. खो मिळाला की तुझा पाय वाकडा व्हायचा, आठवतं? आम्ही सगळ्या तुला नाटकी म्हणायचो.

आई म्हणते, तुला सांगू नये, पोटुशी बाई धसका घेते. पण मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या दुपारी मी माझी लेक मेली असं समजले होते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितेय. तुझ्या बाळाला हे होईलच असं नाही. तुझ्यात तो बिघाड असेल तर निम्मी शक्यता. पण झालंच तर ते खुशीच्या सावलीनं नव्हे, तुझ्यात ते तिच्या जन्माच्याही आधीपासून असेल. तुझ्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेव. आणि कधी बाळ ताठ झालं तर त्याला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, कांदा हुंगवू नको, थेट दवाखाना गाठ आणि मला फोन कर. मी खुशीला काखेत मारून निघेन. तेव्हा दार तू उघड, आचल. आईला उघडू देऊ नकोस.

तुझीच,
माधवीताई