आत्याच्या गावाचे दोष

ता. ४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन गिऱ्हाइकांसाठी राखीव, म्हणून हे पत्र. नगररचनेच्या पुढच्या शिक्षणासाठी मला दोन विद्यापीठांनी घेतलंय. एक समुद्राकाठी, दुसरं तुझ्याच गावात. शिकवणं दोन्हीकडे सारखंच चांगलं, शिष्यवृत्तीही सारखीच. राहायला कुठे आवडेल, एवढाच प्रश्न उरलाय. आई विचारते, शिकायला चाललीस की हवा खायला? मी म्हटलं, दोन्हीसाठी.

हिवाळ्यात घर दाखवताना तू जिन्यावरून घसरलीस, तेव्हापासून बाबांच्या जिवाला घोर लागलाय. मी तुझ्याकडेच राहून तुझ्या गुडघ्यावर लक्ष ठेवावं, असं त्यांनी बजावलंय. तुला कळवू नये असंही बजावलंय, म्हणून लगेच कळवतेय.

लोकांना घरं दाखवण्यात तुझी हयात गेली. भाचीने कुठे राहावं, तूच सांग. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर डोक्यावर बसेन.

तुझी,
भिंगरी

ता. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाला सांग, माझा गुडघा ठणठणीत आहे, त्याला राखणदार नको. लहानपणी स्वतःच्या दुधाचा पेला हळूच माझ्यापुढे सरकवायचा, आता लेक सरकवतोय.

इकडे मुळीच येऊ नकोस. थंडी पडली की भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या चपलांना बुरशी. माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक निवृत्त पोस्टमास्तर ट्रम्पेट शिकतोय, आणि 'शिकतोय' हेसुद्धा मी भिडेखातर म्हणते. विद्यापीठ पुलापलीकडे. पुलावर असा वारा, की छत्री उलटी आणि डोक्याचं घरटं. सिनेमाची तर बोंबच. एकुलतं एक थिएटर, त्यातही मधल्या रांगेतल्या खुर्चीचा एक पाय लंगडा. दुकानं दिवेलागणीला बंद. मग तरुण पोरीने काय करायचं, तर नदीकडे बघत बसायचं.

समुद्राकाठचं गाव मात्र झकास. मोकळी हवा, रुंद रस्ते, मोठं वाचनालय, हसतमुख माणसं. डोळे मिटून जा.

बाकी क्षेम. माया पाकिटातच घातली आहे, तिचं वजन होत नाही.

तुझी,
आत्या

ता. २५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

समुद्राकाठी जाऊन आले. तू लिहिलंस तसंच आहे सगळं. परतताना गाडीत तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तुझं पितळ उघडं पडलं.

शाळेच्या सुट्टीत मी तुझ्यामागे घरोघर हिंडायचे, आठवतं ना? गिऱ्हाईक नुसतंच वाटेला लावायचं असलं, की तू घराची तोंडभरून स्तुती करायचीस. पण एखाद्याने ते घर घ्यावंच असं मनापासून वाटलं, की दारातच त्याचे दोष सांगायचीस. नळ गळतो, पायऱ्या उंच आहेत, शेजारीण भोचक आहे. मी कारण विचारलं, तर म्हणालीस की दोष ऐकून जो आत येतो, तोच टिकतो.

समुद्राकाठच्या गावात तू उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नाहीस, तरी त्याची आरती. आणि स्वतःच्या गावाची मोडकी खुर्चीसुद्धा सोडली नाहीस. सरळ सांग, मी यावं असं तुला वाटतं का? आढेवेढे घेतलेस तर लोभ परत मागेन.

तुझी,
भिंगरी

ता. २ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खरं सांगते, तुला परतवायलाच पत्र लिहायला बसले होते. हात सवयीने जुन्या वळणावर गेला आणि मला पत्ताही लागला नाही.

हो, वाटतं. फार वाटतं. जिन्यावर पडले तेव्हा उचलायला माणसं होती, पण घरी आल्यावर ती फजिती हसत हसत सांगायला कुणी नव्हतं. शेवटी ट्रम्पेटवाल्याला सांगितली, तर तो डोळ्यांत पाणी आणून बसला. असल्या माणसाचा काय उपयोग?

पण आत्या एकटी म्हणून तू समुद्र सोडलास, तर ते मला जन्मभर खुपेल. गाव आवडलं तर ये. माझी कीव करून आलीस तर दार उघडणार नाही. रागावलेली असले तरी तुझीच,

आत्या

ता. २० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात दोन दिवस तुझ्या गावात होते. तुला मुद्दाम भेटले नाही, नाहीतर कीव केल्याचा आळ आला असता. छत्री उलटी झाली. लंगड्या खुर्चीवर डुलत अख्खा सिनेमा पाहिला. मग नदीकडे बघत बसले, तर उठावंसंच वाटेना. समुद्राकाठी सगळं आधीच नीट लावून ठेवलंय, माझ्यासारखीला तिथे काम काय? तुझ्या गावात दुरुस्त करण्यासारखं मुबलक आहे. आज प्रवेश घेतला.

तुझ्याकडे मात्र राहणार नाही. बाबा रुसलेत, रुसू देत. माझ्यापुरती खोली शोध. कपाळाला आठ्या घातल्यास तरी चालेल, लोभ मात्र आहे तिथेच असू दे.

तुझी,
भिंगरी

ता. २८ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गावात येऊन आत्याला चुकवतेस? कान तयार ठेव, आलीस की पिळणार आहे.

खोली पाहून ठेवली आहे. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे दोष आधी सांगते. एकच आहे. तिची खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर उघडते.

तुझी,
आत्या