हौदातली भरभराट

लातूर,
पोळ्याचा आदला दिवस

ती. शिवगंगाअक्कास,

धाकट्या मंजूचे शरणार्थ. तुझे गुडघे कसे आहेत? अण्णाराव दाजींची साखर खाली आली, की जिलेबी दिसली की अजूनही त्यांचा निश्चय ढळतो? म्हैस व्याली का? इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य सवयीने लिहिले. खरे काय ते पुढे आहे.)

माझ्या माशांची चौकशी सगळ्या नात्यात तू एकटीच करतेस. बाकीच्यांना अजून वाटते की मी मासे विकते. तर तेरणा नदीतला तो बोटाएवढा, शेपटीपाशी काळा ठिपका असलेला मासा (शास्त्रीय नाव माशापेक्षा लांब आहे, सोडून देते), तो नामशेष होऊ नये म्हणून मी वाढवते. ज्या डोहातून मी तो आणला तिथे आता वाळूचे टिप्पर उभे राहतात. तरी मी अधूनमधून जाऊन बघते. मागे एक आजोबा काळजीने म्हणाले, "बाई, पाणी न्हाई अन् मासा शोधायलाव?" मी म्हणाले, हाव, शोधते. दुसरे काय म्हणणार?

कॉलेजात माझ्या टाक्या होत्या ती खोली डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांच्या सराव परीक्षेला दिली गेली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आपल्या पोरांचा निकाल दरवर्षी लागतो. तुमच्या माशांचा कधी?" मी टाक्या रिकाम्या केल्या आणि मासे घरी आणले.

आता ज्या घरात अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याबाहेर खातात, त्या घरात मासे! सासूबाई (आमच्या रत्नम्मा काय आहेत ते तुला ठाऊकच) दारातच आडव्या आल्या. "लिंगपूजेचं घर हाय हे. मच्छी आत येणार न्हाई." मी म्हणाले, आत्याबाई, खायचे नाहीत, जगवायचे आहेत. त्यांनी निकाल दिला, "मग त्यायलाबी आपलंच खावं लागंल." तेव्हापासून मासे शाकाहारी झाले. रोज पूजा आटोपली की भिजवलेली मुगाची डाळ चुरून अंगणातल्या हौदात पडायची. मी मात्र चोरून, तुळशीच्या कुंडीमागे, एका बादलीत त्यांच्यासाठी डासांच्या अळ्या वाढवत असे. या वयात, या पदव्या घेऊन, डास पाळणारी लातुरात मी एकटीच असेन.

उन्हाळ्यात बोअर आटला. टँकर मागवून हौद भरला, तर त्या पाण्यात क्लोरीनचे औषध जास्त पडले होते. सकाळी सगळे मोठे मासे पोट वर करून तरंगत होते. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. वेगळ्या टबात ठेवलेली, शेवाळाला चिकटलेली थोडी अंडी तेवढी वाचली. ती फुटली आणि पापणीच्या केसाएवढी पिल्ले निघाली, नुसते दोन-दोन डोळे. अक्का, मी त्या टबापाशी बसून रडले. हौद घासून, वळवाच्या पावसाचे पाणी भरून त्यांना त्यात सोडले आणि पेपर तपासायला नांदेडला गेले.

मी तिकडे असताना डेंग्यूच्या तपासणीची माणसे घरी आली. त्यांनी माझी बादली पकडली, सासूबाईंना चार शब्द सुनावले, बादली उलटी केली आणि हौदात गप्पी मासे सोडले, अळ्या खायला. (गप्पीला अळी आणि पिल्लू यांतला फरक कळत नाही. आमच्या प्राचार्यांनाही कळत नाही, पण ते निदान खात तरी नाहीत.) सासूबाईंनी त्या माणसांना चहा पाजला. का, तर "लेकरं एकटी होती बिचारी, सोबत झाली."

मी परतले तेव्हा हौद माशांनी लुकलुकत होता. त्यात माझा एकही नव्हता. सासूबाई काठावर बसून गल्लीतल्या बायांना दाखवत होत्या, "आमच्या मंजुश्रीची मेहनत हाय ही. लई वाढले बघा!" मला सांगायचे होते. पण त्यांच्या हातातली मुगाची वाटी पाहिली आणि मीही म्हणाले, हाव आत्याबाई, लई वाढले.

असो. दाजींना नमस्कार. म्हशीला माझ्या वतीने एक पेंढी जास्त घाल.

तुझी,
मंजू

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या माझ्या दिराच्या, दयानंदच्या, दुसऱ्या हातात दुधाचा कॅन असेल. त्यात दूध नाही. "अक्काच्या हिरीतबी होऊ द्या भरभराट," म्हणून सासूबाईंनी गप्पी धाडले आहेत. अक्का, पाया पडते, तो कॅन विहिरीत ओतू देऊ नकोस. गेल्या वर्षी नागपंचमीला तू हौसेने माझे चार-दोन मासे किटलीतून नेऊन तिथे सोडलेस ना? माझ्या माहितीत आता तेवढेच उरलेत. दयानंदला हे सांगता येत नाही. कॅन गळणार नाही इतका तो आईपाशी गळतो. आणि फोन करावा तर दाजी स्पीकर लावून अख्ख्या शिरूर अनंतपाळ गावाला ऐकवतात.

ता. ता. क. सासूबाईंचा फोन आला तर मासे रमले म्हण.

आणखी एक. दयानंदला चहात गुंतव आणि आधी विहिरीत बघ. ऊन डोक्यावर आले की पायऱ्यांच्या बाजूने बघ, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. शेपटीपाशी काळा ठिपका. नाहीच दिसला तर ओत तो कॅन, डास तरी कमी होतील. पण घाई करू नकोस, अक्का. गुडघे दुखत असले तर पायरीवर बसून बघ.