पहिल्या हाकेला ओ

१७ एप्रिल १९८९, देऊळगाव राजा
पोहोचलो एकदाचे! बियाणे कंपनीचे मालक अर्जुनराव स्वतः स्टँडवर घ्यायला आले. बालाजीच्या देवळामागे दोन खोल्या मिळाल्या, घरमालकीण मनकर्णाबाई. सिंधू तर आल्याआल्याच आमच्या नव्या संसाराचे पडदे मोजायला बसली. कंपनीनं नवा कॉम्प्युटर थंड खोलीत गणपतीसारखा बसवलाय आणि तो दिवसाआड मान टाकतो, म्हणून पुण्याहून मला आणलं. कर्नल कोसळतो, असं निदान सांगितलं. अर्जुनरावांनी गंभीरपणे विचारलं, कोणत्या पलटणीतला? सिंधू हसून बेजार.

१९ एप्रिल
आज भर दुपारी कोसळला आणि प्रिंटरनं स्टॅक ट्रेस ओकली. सिंधूला समजावलं तसंच लिहितो. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. त्यातला एक प्रोग्राम दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. काम झालं की प्रत्येकानं हाक मारणाऱ्याकडे परतायचं. शेवटी गेलेला आधी परततो. यंत्र पडलं की ही साखळी कागदावर उमटते, तीच ट्रेस, आणि मी वरून खाली माग काढत जातो. तळाशी पहिली हाक मारणाऱ्याचं नाव हवं. तिथं कोरं आहे.

२४ एप्रिल
दर वेळी तेच. बिननावाची हाक येते, ओ द्यायला कोणी नसतं, यंत्र पडतं. चहा घेताना मनकर्णाबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, दुपारच्या पहिल्या हाकेले ओ देऊच नये भाऊ, तिसरीले द्यावी. 'ते' तीनदा हाक मारत नसते. म्हटलं, अहो, यंत्र आहे ते! चार ओळींचा प्रोग्राम लिहून बसवला: कोणीही हाक मारो, ओ द्यायची. आपल्या अकलेवर बेहद्द खूश आहे.

३ मे
यंत्र एकदाही पडलं नाही. अर्जुनरावांनी पेढे वाटले. पण मनकर्णाबाई काल दुपारपासून घरी नाहीत. सिंधू सांगते, बाहेरून कोणी तरी तीनदा हाक मारली, त्यांनी तिसरीलाच ओ दिली आणि उठून गेल्या.

४ मे
यंत्र न पडताच ट्रेस छापून आली. तळाशी कोरं. त्यावर माझा प्रोग्राम. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'मनकर्ण' – आठ अक्षरांपुढचं नाव हे यंत्र छाटतं. हे नाव मी कुठंच लिहिलेलं नाही. परतीचा पत्ता शून्य, म्हणजे परतायला जागाच नाही. ओ मिळाल्यापासून 'ते' माझ्या प्रोग्राममधूनच पुढं हाका मारतंय, आता तीनदासुद्धा. माझा प्रोग्राम काढायला गेलो. निघत नाही – तो चालू आहे. ओ देतोच आहे.
मला भीती वाटते.

५ मे
सिंधूला बजावलं, माझ्या आवाजात हाक आली तरी ओ देऊ नकोस. कानात कापूस घाल. आज ती हसली नाही.

६ मे
दुपारी घरी आलो. दार सताड. स्टोव्ह पेटलेला, भाजी करपलेली. शेजारीण म्हणाली, तुम्हीच तर रडत हाका मारून राह्यले होते. तिनं कापूस फेकला अन् अनवाणीच पळाली.
मी कचेरीत होतो. मी कचेरीत होतो.
ट्रेस आलीय. सगळ्यात वर – सिंधू.

७ मे
विहिरी पाहिल्या. जीपनं पार धाड गावापर्यंत गेलो. नाही. अर्जुनराव म्हणतात, वायर उपटा. पाया पडलो त्यांच्या. यंत्र बंद केलं तर साखळीच पुसली जाईल, आणि ती त्यात – देवा, माझी सिंधू परत दे. दुसरं काही नको.

८ मे
एकच वाट. शेवटी गेलेला आधी परततो, मग त्याच्या खालचा. सिंधूच्या वर माझं नाव चढलं आणि मी परतलो, की तीही सुटेल. नियम आहे. नियम आहे हा –

९ मे
दुपार. हाक. सिंधूची – रडतेय –
दुसरी.
तिसरी. ओ दिली.
उंबऱ्यावर उभा आहे. निघताना 'येतो' म्हणतात. तोंडातून 'जातो' आलं. लिहून तरी – जातो. नाही, खोडतो. जातो. हात ऐकत – सिंधू, मी जा