भूक वर राहिली

३ फेब्रुवारी १९६४, मुकुंदवाडी
आज पहिल्यांदाच सासरी नांदायला आले. लग्न झालं त्याच आठवड्यात हे लडाखच्या फौजी ठाण्यावर गेले होते. आता वर्षानं रजेवर येताहेत. सासूबाई मोठ्या हौशी. आल्या आल्या मला धपाटे थापायला बसवलं. म्हणाल्या, "आमच्या बद्रीनाथचं खाणं लई दांडगं हाय, उमा. हात चालव." दारात तुरीचे सोले वाळताहेत, ऊन छान आहे. मला इथं करमेल.

७ फेब्रुवारी
हे आले. औरंगाबाद स्टेशनवर मी ओळखलंच नाही. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर. सांगत होते, तिथं उंचावर हवा विरळ. पाणी उकळतं, पण भात कच्चाच राहतो. समोर ताट आलं की मळमळतं. खाली गेलास की भूक येईल, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. सासूबाईंनी तूप वाढलं. यांनी दोन घास खाऊन ताट सारलं.

१५ फेब्रुवारी
आणखी वाळलेत. ओट्याची पायरी चढताना धाप लागते. खोदून विचारलं, तेव्हा फकिरा नावाच्या जवानाचं सांगितलं. लासूर स्टेशनचा, यांच्याच तंबूतला. त्यानं खाणं सोडलं आणि एका सकाळी उठलाच नाही. "त्याला खाली आणलं, उमा. मी अजून उतरलोच नाय."

२२ फेब्रुवारी
आमच्या चुलीवर भात शिजत नाही. पाणी खळखळतं, दाणे टणक. सासूबाईंनी उकळत्या पाण्यात बोटं घातली. भाजली नाहीत. तोच तांदूळ शेजारच्या सरूबाईंकडं मऊ शिजला.

२७ फेब्रुवारी
सासूबाईंना अन्न जाईना. मलाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. आडावरून घागर आणताना दोनदा बसले —

२ मार्च
हे सकाळीच आईच्या पाया पडले. "मी गेलो की तुमचा भात शिजंल." मी हात धरला. नुसतं हाड. सोडवून घेतला, गावाबाहेर रेल्वेच्या रुळाकडं गेले —
दुपारी भात शिजला. आम्ही दोघी रडत रडत खाल्ला. पोटभर. लाज वाटते.

३ मार्च
सासूबाई डबा घेऊन यांच्यामागं गेल्या. परतल्या नाहीत.

४ मार्च
सरूबाई बघून आल्या. रुळापलीकडं लिंबाखाली दोघं बसलेत, डबा उघडा, कुणीच खात नाही. हाक मारली तर फार उंचावरून बघावं तसं बघतात —
भात बांधलाय. सरूबाई दारात आडव्या, जाऊ नको म्हणतात. पण माझी माणसं उपाशी — निघते. माझ्या हातानं एक घास तरी —