निळ्या टिकलीचा बंदोबस्त

३ ऑक्टोबर
गावाहून आप्पांचा फोन, परत तेच. हितं म्हशी राखायला लाज वाटत होती आणि तिकडं जाऊन किडे राखतोस व्हय? फोनवर कितीदा सांगायचं, किडे नाहीत, फुलपाखराच्या अळ्या आहेत. निळी टिकली नाव. जासईच्या माळावर पूर्वी होती. कंटेनर यार्ड आलं आणि संपली. आता कोकणातून अंडी आणून आम्ही परत वसवतोय. आम्ही म्हणजे क्षिप्रा मॅडम, मी आणि इथलाच मोरा गावचा नामा. मॅडम परदेशात शिकलेल्या. नामा पाणी घालतो. राखण माझ्याकडं, म्हणजे इनचार्जच. २६ तारखेला फुलपाखरं माळावर सोडायची. जमलं तर मी परमनंट. आप्पांना सांगून टाकलं, झालो परमनंट. होणारच आहे तर आधी काय आणि नंतर काय.

५ ऑक्टोबर
कुंड्यांत मुंग्या! अळ्यांच्या अंगावर चढतात. मॅडम म्हणाल्या, रणजीत, मुंग्यांना हात लावायचा नाही, त्या अळीच्या पाठीवरचा गोड थेंब पितात आणि बदल्यात तिला राखतात. मी हो हो म्हटलं. शिकलेल्या माणसाला तोंडावर काय बोलायचं. आमच्याकडं गुळाला मुंग्या लागल्या तर आई म्हणत नाही, राखण करतायत.

६ ऑक्टोबर
मॅडम पुण्याला. हीच वेळ. सीवूड्सहून मुंग्यांचा खडू आणला. स्वखर्चानं. प्रत्येक कुंडीभोवती डबल रेघ. वर कुंडी पाण्याच्या थाळीत, दुधाचं पातेलं ठेवतात तशी. नामा म्हणाला, आरं, मॅडम नको बोलल्यान ना, कशाला उगा लफडा? म्हटलं, तू पाणी घाल. त्यानं एक कुंडी उचलून नळापाशी नेली. हिला खडू लावशील तर हात मोडीन, म्हणाला. नेऊ दे. एकीचं नुकसान त्याच्या डोक्यावर.

७ ऑक्टोबर, दुपारी
एक मुंगी नाही. चकाचक. फोटो आप्पांना पाठवला. गांधीलमाश्या फिरतायत. त्यांचं काय, फुलांवर येत असतील.

८ ऑक्टोबर
अळ्या कमी वाटतात. पानाखाली असतील. बघितलं. नाहीत. मातीत झोपल्या असतील. टेन्शन घ्यायचं नाही.

९ ऑक्टोबर
डोळ्यांसमोर गांधीलमाशीनं अळी उचलली. तुकडा केला आणि गेली. चप्पल मारली, कुंडी फुटली. खडू पुसायला घेतला तर निघेना. शेवटी नामाकडं गेलो, म्हटलं, थोड्या मुंग्या दे. तो म्हणाला, मुंग्या म्हंजे साखर हाय का रं, वाटी भरून द्यायला?

१० ऑक्टोबर
मॅडम आल्या. खडूची रेघ बोटानं चोळली आणि बोटाकडं बघत राहिल्या. माझी कारणं तयार होती. कावळा, उंदीर, हवामान. त्या सरळ नामाच्या कुंडीपाशी गेल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. पण चूक काय माझ्या एकट्याची नाही. मुंग्यांचं नीट समजावून सांगायला पाहिजे होतं.

२१ ऑक्टोबर
नामाच्या कुंडीत कोष धरला. एकच. बाकी सगळं संपलं. एक पुरे, सुरुवात एकापासूनच होते. दिवाळीला गेलो नाही. परमनंट माणसाला सुट्टी नसते, असं घरी कळवलं. दिवसभर कुंडीपाशी बसून. मुंगीवर पाय पडू नये म्हणून चप्पल काढून चालतोय. नामा हसतो. हसू दे.

२६ ऑक्टोबर, रविवार
जासईचा माळ. माणसं पुष्कळ, मोबाईल त्याहून जास्त, फुलपाखरू एक. मॅडमनी झाकण काढलं. हलेना. मग उडालं. निळं, नखाएवढं. सरळ यार्डाकडं गेलं आणि एका कंटेनरवर बसलं. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात माझ्या. प्रोजेक्ट सक्सेस.

२७ ऑक्टोबर
राखण आता नामाकडं. मला नर्सरीत पिशव्यांत माती भरायला घातलंय, रोजावर. तात्पुरतं असणार. आप्पांचा फोन. किती उडाली रं? म्हटलं, एक. मग म्हणाले, नर का मादी? म्हटलं, विचारायचं राहिलं. म्हणाले, कायबी असू दे, एकटं जनावर काय करणार हाय लेका. वेळेवर जेवतोस न्हवं? आणि परमनंटचा पगार झाला असंल तर बहिणीच्या फीचं बघ.
पाठवतोय. सहाशे रुपये.